भावनांचा इतिहास

भावना किती, त्यांतल्या कोणत्या जोपासायच्या आणि कोणत्या आवरायच्या, याविषयीच्या समजुती कशा बदलत गेल्या, हा या अभ्यासशाखेचा विषय. राग, भीती, दुःख ही सर्वकाळ सारखीच, असे आपण धरून चालतो. जुन्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की हा समज डळमळतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायिभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असणाऱ्या टिकाऊ भावना, आहेत : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. षड्रिपूंमध्ये क्रोध आहे, पण भय आणि शोक नाहीत. रंगमंचावर ज्या क्रोधातून रौद्ररस फुलवायचा, तोच साधकाचा शत्रू. यादी कोण कशासाठी करतो, यावरच सारे ठरते. ग्रीकांतही एकमत नव्हते. योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य तेवढे रागावणे ॲरिस्टॉटलला गुण वाटे. स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांच्या मते राग ही मुळात विचाराचीच चूक. ग्रीक वैद्यांनी विषण्णतेचा दोष ‘काळे पित्त’ या शरीरातल्या द्रवावर टाकला. (मराठीत पित्त खवळते ते रागाने, आणि ते आयुर्वेदातले.)

काही भावना तर नावासकट मावळल्या. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हॅग्रिअस या ख्रिस्ती संन्याशाने ‘अकेडिया’चे वर्णन केले आहे. भर दुपारी सूर्य हलेनासा होतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, कुणी बंधू भेटायला येतोय का म्हणून डोकावतो. मग जागेचाच, जगण्याचाच वीट येतो. याला नुसता आळस म्हणणे अन्यायाचे, तरी पुढे सात महापापांत तिची गणना सुस्ती म्हणूनच झाली.

‘नॉस्टॅल्जिया’चा प्रवास उलटा. १६८८ मध्ये बाझल येथे योहानेस होफर याने वैद्यकीय प्रबंधासाठी ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांतून हे नाव घडवले. परमुलखात झुरणाऱ्या स्विस लोकांचा हा आजार. हमखास इलाज एकच, घरी धाडणे. अमेरिकन यादवी युद्धातही (१८६१–६५) लष्करी डॉक्टर सैनिकांच्या बाबतीत हे निदान लिहीत. आज त्याच नावाखाली जुनी गाणी ऐकली जातात.

इंग्रजीतला ‘इमोशन’ हा शब्द आधी खळबळ, हालचाल अशा अर्थाचा. एकोणिसाव्या शतकात तो मानसशास्त्राची संज्ञा झाला आणि पूर्वी आत्म्याचे विकार मानलेल्या भावना प्रयोगशाळेत आल्या. डार्विनने १८७२ मध्ये भावनांच्या आविष्काराची मुळे प्राण्यांत शोधली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८८४ मध्ये क्रमच उलटवला : आपण दुःखी म्हणून रडत नाही, रडतो म्हणून दुःखी होतो. इतिहासकारांनी या विषयाकडे वळावे असे फ्रेंच इतिहासकार ल्यूसियाँ फेव्र याने १९४१ मध्ये सुचवले. ते मनावर घ्यायला त्यांना आणखी चार दशके लागली.