टर्बाइनचं पातं इतकं हळू कसं लांबतं?

विमानाच्या इंजिनातलं टर्बाइनचं पातं प्रत्येक उड्डाणात किंचित लांबतं. तापलेला धातू प्रसरण पावतो आणि निवला की मूळ मापावर येतो, ते आपल्याला माहीत आहे. ही वाढ तशी नाही, ही कायमची असते. तापलेल्या धातूवर सतत ताण राहिला, की एरवी सहज पेलला असता अशा ताणाखालीही तो तासागणिक थोडा थोडा वाढत राहतो. याला क्रीप म्हणतात. पात्याचं टोक आणि भोवतालचं कवच यांच्यातली फट फार लहान असते, त्यामुळे पातं किती वेगाने लांबतं यावर त्याचं आयुष्य ठरतं.

ताण किती असतो, याचा हिशोब करून पाहू. समजा पातं ३०० ग्रॅमचं आहे, केंद्रापासून ४० सेंटिमीटरवर बसवलंय आणि मिनिटाला १०,००० फेरे घेतंय. त्याच्या मुळावर साधारण १३ टनांची ओढ येते! समोरून येणारा वायू १,५०० अंश सेल्सिअसच्या पुढचा. शुद्ध निकेल १,४५५ अंशांना वितळतं आणि पात्यांचे निकेलयुक्त सुपरअलॉय (कडक उष्णता सोसणारे मिश्रधातू) त्याच्याही आधी वितळू लागतात. म्हणून पात्याच्या आतल्या बारीक वाटांतून कॉम्प्रेसरची हवा खेळवतात आणि वरून झिर्कोनिया या सिरॅमिकचा लेप देतात. एवढं करूनही धातूचा सर्वांत तापलेला भाग १,००० अंशांच्या वर जातो.

नेहमीच्या ओतकामात धातू असंख्य बारीक स्फटिककणांचा बनतो. दोन कणांमधल्या सीमेवर अणूंची मांडणी विस्कळीत असते. तिथून अणू लवकर सरकतात, तिथेच पोकळ्या तयार होतात आणि भेगाही तिथेच पडतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रॅट अँड व्हिटनी कंपनीत फ्रँक व्हर्स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी या सीमा ताणाच्या दिशेला समांतर केल्या आणि मग त्या काढूनच टाकल्या. साचा भट्टीतून हळूहळू खाली उतरवतात, धातू तळाकडून गोठत वर येतो. वाटेत एक नागमोडी अरुंद नळी असते. खालून वाढत येणाऱ्या अनेक स्फटिकांपैकी एकच तिच्यातून पार होतो आणि अख्खं पातं त्या एकाचंच बनतं. अशी पाती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रवासी विमानांत आली.

सीमा गेल्या म्हणजे स्फटिक निर्दोष झाला, असं मात्र नाही. त्याच्या आत डिस्लोकेशन नावाचे रेषेसारखे दोष उरतातच, आणि धातू वाकतो, ताणतो तो त्यांच्यामुळेच. एखाद्या भरल्या पंगतीत मध्येच एक पाहुणा बसवायचा असेल, तर सगळी पंगत एकदम उठत नाही. शेजारचा एक पाट सरकतो, मग त्याच्या शेजारचा. दाटी पुढे पुढे जाते आणि शेवटाला पोहोचते तेव्हा प्रत्येकजण एक जागा सरकलेला असतो. स्फटिकात अणूंच्या थराचं असंच होतं. अख्खा थर एकदम घसरवायला प्रचंड बळ लागेल, एक रेषा पुढे ढकलायला फार थोडं पुरतं. ही कल्पना १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडली. पातळ धातूच्या पापुद्र्यात अशा रेषा प्रत्यक्ष सरकताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसल्या त्या केंब्रिजमध्ये, १९५६ साली. मधली बावीस वर्षं केवळ तर्काच्या बळावर हे शास्त्र उभं राहिलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तेव्हा खरा प्रश्न या रेषांना अडवण्याचा आहे. सुपरअलॉयचं पोट त्यासाठीच घडवलेलं असतं. निकेल आणि ॲल्युमिनियमचे, बाजू साधारण अर्धा मायक्रॉन असलेले चौकोनी ठोकळे ओळीने रचलेले असतात. त्यांना 'गॅमा प्राइम' म्हणतात आणि ते एकूण आकारमानाच्या ६५ ते ७० टक्के जागा व्यापतात. मधल्या अरुंद बोळांत गॅमा नावाचा निकेलचा मऊ भाग असतो. ठोकळ्यात प्रत्येक अणूची जागा ठरलेली: घनाच्या कोपऱ्यांवर ॲल्युमिनियम, पृष्ठांच्या मध्यावर निकेल. बोळातलं डिस्लोकेशन आत शिरलं तर हा क्रम बिघडतो आणि त्यासाठी बरीच ऊर्जा मोजावी लागते. मागून दुसरं डिस्लोकेशन गेलं की क्रम पुन्हा जुळतो. त्यामुळे ठोकळा चिरायचा तर त्यांना जोडीने जावं लागतं. बहुतेक वेळा ती बोळांतच अडकून पडतात.

गॅमा प्राइमचा आणखी एक गुण तर अजबच आहे. बहुतेक धातू तापले की मऊ होतात, हा मात्र काही शे अंशांपर्यंत अधिक बळकट होत जातो. उष्णतेमुळे डिस्लोकेशनचे तुकडे आपलं घसरण्याचं प्रतल सोडून आडव्या प्रतलावर चढतात आणि तिथे स्वतःच कुलूपबंद होतात. केअर आणि विल्सडॉर्फ यांनी १९६२ मध्ये हे दाखवून दिलं.

९५०–१,००० अंशांच्या पुढे मात्र खेळ बदलतो. अणू आता स्फटिकातल्या रिकाम्या जागांमधून सहज फिरू लागतात. अडलेलं डिस्लोकेशन अशा रिकाम्या जागा शोषून आपल्या प्रतलातून वर चढू शकतं आणि अडथळ्याला वळसा घालतं. शिवाय ठोकळेही जागचे राहत नाहीत. गॅमा प्राइमच्या अणुजाळीचं माप गॅमापेक्षा किंचित लहान असल्याने दोघांच्या सीमेवर मुळातच ताण असतो, त्यात बाहेरची ओढ मिसळते. ओढीला काटकोनात असलेल्या बोळांत डिस्लोकेशनची गर्दी आधी होते, उभे बोळ बुजत जातात आणि शेजारचे ठोकळे एकमेकांना जुळून आडव्या पाट्या बनतात. याला राफ्टिंग म्हणतात. पाट्यांच्या सीमेवर डिस्लोकेशनचं दाट जाळं विणलं जातं आणि काही काळ लांबण्याचा वेग अगदी मंदावतो. पुढे डिस्लोकेशनं पाट्यांमध्येच शिरू लागली, की शेवटचा टप्पा सुरू होतो: वेग वाढतो, पातं तुटण्याकडे जातं.

एकाच पात्यात हे सगळं वेगवेगळ्या जागी घडतं. मुळाशी तापमान कमी पण ओढ जास्त, तिथे ठोकळे चिरले जाण्याचा धोका. वरच्या तापलेल्या भागात राफ्टिंग.

अणूंची ही धावपळ मंदावण्यासाठी मिश्रणात ऱ्हेनियम नावाचा जड धातू घालतात. पहिल्या पिढीच्या पात्यांत तो नव्हता, दुसऱ्या पिढीत वजनाने साधारण ३ टक्के आला, तिसरीत ६. प्रत्येक पिढीला तेवढ्याच ताणाखाली सुमारे ३० अंश जास्त सोसता येऊ लागलं. ऱ्हेनियमचे अणू गुच्छ करून डिस्लोकेशनला अडवतात, असं बरीच वर्षं मानलं जात होतं, पण अणूपर्यंत पोहोचणाऱ्या तपासणीत ते गुच्छ सापडले नाहीत. आता लक्ष डिस्लोकेशनच्या गाभ्याकडे वळलंय. तिथे जमलेले हे जड, संथ अणू त्याला चढू देत नाहीत, असं दिसतं. मात्र ऱ्हेनियम जास्त झाला की धातूत नको ते ठिसूळ स्फटिक उगवतात. तो महाग आणि दुर्मीळही आहे. तांब्याच्या खाणींतल्या मॉलिब्डेनमसोबत तो चिमूटभर मिळतो.

हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० एकस्फटिकी पाती एचएएल या सरकारी विमान कंपनीला दिली. एकूण ३०० पाती बनवण्याचा तो कार्यक्रम होता. हे तंत्र हातात असलेले देश मोजकेच आहेत, आणि कुणी ते दुसऱ्याला सहजासहजी देत नाही. ओतकाम जमलं तरी प्रत्येक मिश्रधातूचा क्रीप स्वतःच मोजावा लागतो: नमुना भट्टीत टांगायचा, वजन लावायचं आणि लांबी नोंदत राहायचं. १०,००० तासांची एक चाचणी म्हणजे जवळजवळ १४ महिने. तापमान वाढवून ती लवकर उरकता येत नाही, कारण वाढलेल्या तापमानाला डिस्लोकेशन वेगळ्याच वाटेने जातं.