उत्तर प्रश्नातच दडलेलं

झाडाच्या शेंड्यावर चढणारा, एका जागी न टिकणारा मुलगा दिसला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘हा पुढे वाया जाणार.’ हल्ली या शेऱ्याला मानसशास्त्राचा मुलामा मिळालाय: ‘त्याचं सेन्सेशन सीकिंग जास्त आहे, अशीच मुलं ड्रग्जकडे वळतात.’ यात तथ्य आहे, पण किती, हे कळायला हे सेन्सेशन सीकिंग, म्हणजे थराराची ओढ, मोजतात कशी ते पाहावं लागतं. मला तरी खरी गंमत तिथेच वाटते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी १९६४ साली ही मोजपट्टी मांडली. त्याआधी ते माणसांना आवाज-उजेडापासून तोडून ठेवण्याचे प्रयोग करत. कोणाला ते सहज जमे, कोणाला सोसवत नसे. कोणाला जमणार हे आधीच ओळखता येईल का, यातून प्रश्नावली जन्मली. तिच्या १९७८च्या आवृत्तीत विधानांच्या ४० जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीतलं एक निवडायचं असतं. काही सिनेमे दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदाही पाहायला आवडतात, की एकदा पाहिलेला सिनेमा पुन्हा सोसवत नाही? दुसरं निवडलंत तर एक गुण. असे दहा-दहा जोड्यांचे चार गट: शारीरिक धाडस, नव्या अनुभवांची ओढ, बेबंदपणा आणि कंटाळा न सोसणं.

आता ‘नव्या अनुभवांची ओढ’ हा गट उघडा. त्यातल्या दोन जोड्या चक्क अमली पदार्थांबद्दल आहेत! गांजा ओढून पाहिलाय किंवा पाहावासा वाटतो का, भास घडवणारी द्रव्यं घ्यावीशी वाटतात का. समजा, दोन भाऊ आहेत, स्वभावाने अगदी सारखे. उरलेल्या आठ जोड्यांत दोघांनाही ५ गुण. थोरला मित्रांच्या नादाने गांजा ओढू लागलाय, भास घडवणारी द्रव्यंही त्याला घ्यावीशी वाटतात; धाकटा त्या वाटेला गेलेला नाही. थोरल्याचे होतात ७, धाकट्याचे ५. मग संशोधक लिहितो, ‘गांजा ओढणाऱ्यांत थराराची ओढ जास्त आढळली.’ आढळणारच, दोन गुण नशेबद्दलच्या त्या जोड्यांनीच दिलेत.

हे वर्तुळ तोडायचं तर ती विधानं गाळून हिशेब पुन्हा करायचा. तसं केल्यावर संबंध सैल होतो, पण नाहीसा होत नाही. १९९४ साली मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी केलेल्या २० विधानांच्या मोजपट्टीत असे प्रश्न मुद्दामच टाळलेत. तरी कोणतीही प्रश्नावली एकट्यादुकट्याचं भविष्य सांगत नाही, ती गटाचा कल सांगते. बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव सांगून पैसे उकळणाऱ्यांपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक, पण कुंडलीसारखी वापरली तर तीही तितकीच निरुपयोगी.

आणखी एक अडचण राहते: आधी काय, स्वभाव की व्यसन? इथे उंदीर कामी येतात. त्यांनी आधी कधी काही चाखलेलं नसतं आणि ते प्रश्नावलीही भरत नाहीत. नव्या पिंजऱ्यात सोडल्यावर कोण किती धावतो, ही त्यांच्यातली नावीन्याची ओढ. १९८९ साली संशोधक पियाझा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जास्त धावणारे उंदीर अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक द्रव्य स्वतःहून घ्यायला चटकन शिकतात. मग २००८ साली बेलिन आणि सहकाऱ्यांनी याच्या जोडीला दुसरा गुण मोजला, उतावळेपणा: दिवा लागल्यावर भोकात नाक खुपसायचं असताना आधीच कोण खुपसतो? निकाल झकास होता. नावीन्याची ओढ असलेले उंदीर कोकेन घ्यायला लवकर लागले. पण पायाला विजेचा झटका बसत असूनही जे थांबेनात, ते उतावळे निघाले. म्हणजे सुरुवात करणं आणि सुटता न येणं यांच्यामागे दोन वेगळे गुण. माणूस उंदीर नाही हे खरं; तरी ‘व्यसनी स्वभाव’ नावाची एकच मोळी बांधणाऱ्यांनी ती इथेच सोडावी.

मोजपट्टीचा मला सर्वात पटलेला उपयोग अमेरिकेतल्या केंटकीच्या संशोधकांनी केला. त्यांनी मुलांवर शिक्का मारला नाही, तर जाहिराती बदलल्या. थराराची ओढ असणाऱ्यांना संथ उपदेश कंटाळवाणा वाटतो, म्हणून गांजाविरोधी जाहिराती वेगवान, नाट्यमय केल्या आणि अशी मुलं पाहतात त्याच कार्यक्रमांत दाखवल्या. थरारप्रिय मुलांमधला गांजाचा वापर त्यानंतर घटला.