केझिकच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर: निघण्याआधी वाचा

नमस्कार.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक या गावात आम्ही कुटुंबांसाठी आठवड्याच्या बोलीवर फ्लॅट ठरवून देतो. (गावाच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू आहे, पण तो फक्त लिहायचा. बसमध्ये ‘केझिक’च म्हणा.) बुकिंग झालं की ग्राहक आम्हाला जे विचारतात आणि जे विचारायचं राहून जातं, ते सगळं इथे लिहिलं आहे. चहा पिता पिता एकदा वाचून काढा.

हे हॉटेल नाही

रिसेप्शन नाही, सकाळचा नाश्ता नाही, पलंग आवरायला कोणी येत नाही. दाराशेजारी भिंतीवर आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी असते, तिच्यात किल्ली. आकडे आम्ही व्हॉट्सॲपवर कळवतो. दुपारी चारच्या आधी घर तयार नसतं आणि शेवटच्या दिवशी सकाळी दहाला ते सोडायचं असतं. त्या बदल्यात तुम्हाला मिळतं चालू स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं मशीन आणि आजी-आजोबांसकट सगळ्यांना एकत्र बसता येईल असा एक हॉल. हे ज्यांना हवं, त्यांनीच फ्लॅट घ्यावा. सुट्टीत गॅससमोर उभं राहायचंच नाही असं घरात कोणी ठरवलं असेल, तर आम्ही स्वतःच तुम्हाला हॉटेल सुचवू.

जाहिरातीत ‘सहा जणांसाठी’ लिहिलेलं असतं, तेव्हा त्यातले दोघं बहुतेक वेळा हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर असतात, हे लक्षात घ्या. गावातल्या बऱ्याच इमारती जुन्या, करड्या पाटीच्या दगडाच्या. दिसायला देखण्या, पण जिने अरुंद आणि लिफ्ट क्वचितच.

मोरी नसलेली न्हाणी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर. तिथल्या बाथरूमच्या जमिनीला पाणी वाहून जायला जाळी नसते. पाणी जायची वाट फक्त टबात किंवा शॉवरच्या खोक्यात. बाहेर सांडलेलं पाणी मुरतं आणि खालच्या घराच्या छताला डाग पडतो. त्याचे पैसे तुमच्या अनामत रकमेतून जातात. शॉवरचा पडदा टबाच्या आतल्या बाजूला सोडा. बादली नसते, जेट स्प्रेही नसतो. प्लॅस्टिकचा एक तांब्या बॅगेत टाका, तो आठवडाभर उपयोगी पडेल. बाथरूममध्ये दिव्याचं बटण न सापडल्यास छताकडे बघा, दोरी लोंबत असेल. ती ओढायची.

फोडणी आणि अलार्म

शेगडी बहुतेक विजेची असते. छताला धुराचा अलार्म असतो आणि त्याला फोडणी व आग यांतला फरक कळत नाही. मोहरी तडतडायच्या आत पंखा चालू, खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद, एवढं केलं की वरण-भात शांतपणे होतो. अलार्मवर रुमाल बांधणं किंवा त्याची बॅटरी काढणं मात्र कृपया करू नका. रात्री सगळे झोपलेले असताना त्याचीच गरज असते.

गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी बंद पाकिटात न्या. तूप, पेढे, चक्का, खवा, पनीर मात्र नेऊ नका. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. आईच्या हातचं साजूक तूप असलं तरी विमानतळावर ते काढून घेतील. लोणी तिथे कोणत्याही दुकानात मिळतं, ते कढवा. रविवारी मोठी दुकानं कायद्यानुसार सहाच तास उघडी असतात, तेव्हा शनिवारीच सामान भरून ठेवा. नळाचं पाणी थेट प्यायचं. भिंतीतले प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात आणि शेजारी बटण असतं. आपल्या गोल पिना बसत नाहीत, अडॅप्टर लागतो. व्होल्टेज आपल्यासारखंच.

कधी जावं

आमचं मत: मे. आपल्या मुलांना सुट्टी असते, तिथल्या शाळा चालू असतात. तिथली उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या शेवटी सुरू होते आणि तेव्हा भाडी चढतात. मेमधला पहिला आणि शेवटचा सोमवार मात्र सरकारी सुट्टीचा असतो, आणि शेवटच्या सोमवारपासूनचा आठवडा शाळांनाही सुट्टी असते, तो टाळा. मेमध्ये दुपारी साधारण पंधरा-सोळा अंश, म्हणजे आपल्याला स्वेटर. महिनाअखेरीस सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचच्या आत उगवतो. मुलं झोपायला कुरकुर करतात. जाड पडदे आहेत का, ते आम्ही आधीच विचारून ठेवतो.

पाऊस पडेलच. केझिकपासून पंधरा किलोमीटरच्या आतलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर. महाबळेश्वरकरांना त्याचं काही वाटणार नाही, पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, इथला बारा महिने वाटून पडतो. छत्री वाऱ्यात उलटते, टोपीचं जॅकेट घ्या. भरपावसाच्या दिवशी मुलांना पेन्सिलीच्या संग्रहालयात न्या. शेजारच्या बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइट सापडलं आणि त्यातूनच इथला पेन्सिलीचा धंदा उभा राहिला.

पोहोचणं आणि फिरणं

केझिकला रेल्वे नाही. 1972 साली ती बंद झाली. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून पेनरिथपर्यंत रेल्वेने साधारण तीन तास, पुढे बस. लेकरांचं सामान जास्त असेल तर भाड्याची गाडी बरी. भारतीय परवान्यावर पर्यटकाला बारा महिन्यांपर्यंत कार चालवता येते आणि वाहतूक डावीकडूनच आहे. पाट्यांवर अंतर आणि वेग मैलांत असतो. मूल बारा वर्षांचं किंवा 135 सेंटीमीटर उंच, यातलं जे आधी होईल तोवर त्याला मुलांसाठीची योग्य सीट लागते. हार्डनॉटच्या घाटात मात्र जाऊ नका. चढ तीनास एक (तीन मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) आणि रस्ता एका गाडीपुरता. वरंधा घाटाचा अनुभव तिथे पुरत नाही.

खरं तर गाडी उभी करून ठेवण्यातच मजा आहे. डरवेंटवॉटर तळं गावातून चालत गाठता येतं. लाँच तळ्याभोवती फिरते, वाटेतल्या धक्क्यांवर उतरून पुढच्या लाँचने परत येता येतं. कॅटबेल्स डोंगर 451 मीटरचाच. सिंहगड चढणाऱ्यांना हसू येईल, पण माथ्याजवळ खडकाला हात लावून चढावं लागतं. आजी-आजोबांनी खाली लाँचमध्ये बसावं. कासलरिगचं दगडांचं रिंगण सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं, भोवती डोंगर आणि तिकीट नाही. संध्याकाळी जेवण करून जा, उजेड असतोच.

पायवाटा थेट शेतांतून जातात आणि तिथून चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे. फाटक जसं दिसलं तसंच ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. मेमध्ये हर्डविक मेंढ्यांची काळी कुळकुळीत कोकरं दिसतील. मोठी झाली की करडी होतात. लांबून फोटो काढा, उचलून घेऊ नका.

डोंगरात कोणी अडकलं, तर 999 लावा, पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू सांगा. प्रवासविमा काढल्याशिवाय आम्ही बुकिंग पक्कं करत नाही.

आम्हाला काय कळवायचं

सगळ्यांची वयं, कोण घोरतं (हसू नका, खोल्यांची वाटणी त्यावरच होते), कोणाला टबात पाय उचलून जाणं जमत नाही, आणि जिना कोणाला झेपत नाही. तळमजल्यावरचे फ्लॅट गावात मोजकेच आहेत. ते आम्ही गुडघे दुखणाऱ्यांसाठी राखतो, म्हणून हा रकाना रिकामा सोडू नका.