‘सर्टिफाइड प्रोग्रॅमर’ पाहिजे म्हणता, पण कोणता?

ऑडिओ-व्हिज्युअलच्या टेंडरमध्ये एक ओळ हमखास असते: कंट्रोल सिस्टिमचं, म्हणजे खोलीतली प्रोजेक्टर, टीव्हीसारखी उपकरणं एका पॅनेलवरून चालवणाऱ्या यंत्रणेचं, प्रोग्रॅमिंग ‘सर्टिफाइड प्रोग्रॅमर’कडूनच करून घ्यावं. कोणी सर्टिफाय केलेला आणि कशासाठी, हे ती ओळ लिहिणाऱ्यालाही विचारू नका. मग एक इंटिग्रेटर, म्हणजे ही यंत्रणा बसवून देणारा ठेकेदार, क्रेस्ट्रॉन या कंट्रोल उपकरणांच्या कंपनीचं सर्टिफिकेट जोडतो, दुसरा अविक्सा या व्यवसायाच्या संघटनेचं सीटीएस जोडतो, तिसरा क्यू-सिस या दुसऱ्या कंट्रोल यंत्रणेचा ऑनलाइन कोर्स केल्याचा पीडीएफ लावतो. खरेदी विभाग तिघांपुढेही सारखीच टिक करतो. कागद दोन वेगळ्या प्रकारचे आहेत, हे कोणाच्या गावीही नसतं.

पहिला प्रकार कंपनीच्या सर्टिफिकेटचा. कंट्रोलचा प्रोसेसर, म्हणजे सगळी उपकरणं चालवणारा डबा, बनवणारी कंपनीच ते देते. तो झटपट उरकतो. क्रेस्ट्रॉनची १०१, २०१, ३०१ आणि वर मास्टर अशी शिडी आहे. एएमएक्सचं एसीई, एक्स्ट्रॉनचं ऑथराइज्ड प्रोग्रॅमर, क्यू-सिसचे कंट्रोलचे कोर्स हे सगळे त्याच घरातले. सिंपल, नेटलिंक्स, पायथन, लुआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषा; ज्या कंपनीचा प्रोसेसर तिची भाषा आणि तिचं सॉफ्टवेअर. हे कोर्स चांगले असतात. ते न करता प्रोसेसरला हात लावणाऱ्याला मी साइटवर उभाही करणार नाही. पण शिकवणारी, परीक्षा घेणारी आणि माल विकणारी संस्था एकच असते, हे लक्षात ठेवा. त्यात लबाडी काही नाही. आपला माल नीट बसावा एवढाच तिचा रास्त हेतू असतो.

दुसरा प्रकार व्यवसायाच्या सर्टिफिकेशनचा. आपल्या धंद्यात ते अविक्सा देते. २०१७ पर्यंत हिचं नाव इन्फोकॉम इंटरनॅशनल होतं. मुंबईत भरणारं इन्फोकॉम इंडिया प्रदर्शन अजून त्याच जुन्या नावाने चालतं. हिचं सीटीएस (सर्टिफाइड टेक्नॉलॉजी स्पेशालिस्ट) सर्वसाधारण, सीटीएस-डी डिझाइनवाल्यांसाठी, सीटीएस-आय इन्स्टॉलेशनवाल्यांसाठी. या सर्टिफिकेशनला आयएसओ/आयईसी १७०२४ या मानकाखाली मान्यता आहे. या मानकातली माझ्या आवडीची अट अशी की, परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ‘आमचाच क्लास लावा’ म्हणायचं नाही आणि स्वतःच्या क्लासच्या विद्यार्थ्याला परीक्षा सोपीही करायची नाही. शोरूमवाला गाडीची बटणं समजावून सांगतो, पण लायसन्स आरटीओच देतं, तसंच हे. शिवाय परीक्षेत काय विचारायचं हे त्या व्यवसायातली माणसं रोज काय काम करतात याचा अभ्यास करून ठरवावं लागतं, आणि मिळालेलं सर्टिफिकेशन कायमचं नसतं. सीटीएस दर ३ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

फी, मुदत, नावापुढे लावायची अक्षरं, ऑनलाइन की वर्गात, हे बाकीचे फरक किरकोळ आहेत. त्यावर तासन्‌तास वाद घालणारी मंडळी आहेत, त्यांना घालू द्या.

माणसं अडकतात ती पुढच्या ठिकाणी. कंपनीच्या परीक्षेत कोड लिहावा लागतो, पण ती परीक्षा घेणाऱ्याला व्यवसायाशी नव्हे, आपल्या उत्पादनाशी देणंघेणं असतं. सीटीएसच्या तिन्ही परीक्षा माल विकणाऱ्या कंपन्यांपासून स्वतंत्र आहेत, पण त्या पर्याय निवडण्याच्या आहेत. कोडची एक ओळही लिहून दाखवावी लागत नाही. म्हणजे टेंडरमध्ये ‘सीटीएस असलेला प्रोग्रॅमर’ मागणाऱ्याला मिळतो तो व्यवसायाची चांगली जाण असलेला, पण कदाचित कधीच प्रोग्रॅम न लिहिलेला माणूस. आणि कंपनीचं सर्टिफिकेट मागणाऱ्याला मिळतो तो हत्यार उत्तम चालवणारा, पण खोली बिघडली की काय करेल याची शाश्वती नसलेला माणूस. प्रोग्रॅमरच्या सर्टिफिकेशनने तपासायला हवी ती गोष्ट या दोन्ही परीक्षांच्या बाहेर पडते. ती म्हणजे, समोरचं उपकरण सांगितल्याप्रमाणे वागत नाही तेव्हा तुमचा प्रोग्रॅम काय करतो?

उदाहरण अगदी रोजचं घेऊ. बोर्डरूममध्ये प्रोजेक्टर आहे, नेटवर्कवरून पीजेलिंकने चालवायचा आहे. ही बऱ्याच उत्पादकांनी स्वीकारलेली सामायिक भाषा, पोर्ट ४३५२. टच पॅनेलवर ‘प्रेझेंटेशन’ हे एक बटण. प्रोग्रॅमर लिहितो: बटण दाबलं की पॉवर चालूची कमांड, लगेच मागोमाग एचडीएमआय इनपुटची कमांड, आणि बटणाचा दिवा हिरवा. कोर्सच्या टेबलावर हे झकास चालतं.

साइटवर काय होतं? पॉवरच्या कमांडला प्रोजेक्टर ‘ओके’ म्हणतो. या ‘ओके’चा अर्थ ‘तुझं ऐकलं’ एवढाच. ‘मी चालू झालो’ असा त्याचा अर्थ नाही. चालू झालास का, हे वेगळं विचारावं लागतं. त्याला चार उत्तरं येऊ शकतात: ० म्हणजे स्टँडबाय, १ म्हणजे चालू, २ म्हणजे थंड होतोय, ३ म्हणजे गरम होतोय. प्रोजेक्टर ३ वर असताना तुमची इनपुटची कमांड पोचली की तो बहुधा ‘एरर ३’ परत देतो. त्याचा मराठीत अर्थ ‘आत्ता नको’. आपल्या प्रोग्रॅमरने हे उत्तर वाचलेलंच नसतं. परिणाम असा की प्रोजेक्टर चालू होतो, पण काल कोणीतरी लावून ठेवलेल्या इनपुटवर. पडदा निळा, पॅनेलवर बटण हिरवंगार, आणि डायरेक्टर साहेब आयटीवाल्याला फोन लावतायत.

यावर जी दुरुस्ती केली जाते तिचा मला मनापासून तिटकारा आहे: मध्ये ४५ सेकंदांचा डिले टाकणे. आज चालतं. मीटिंग संपल्यावर लगेच दुसरी सुरू झाली आणि प्रोजेक्टर अजून २ वर, म्हणजे थंड होत असला, की पॉवरची कमांडच वाया जाते आणि तुमचे ४५ सेकंद हवेत मोजले जातात. पुढे प्रोजेक्टर बदलून लेझरचा आला की तो लवकर तयार होतो आणि माणसं उगाच पडद्याकडे बघत बसतात. बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे, पण एकच आहे. कमांड द्या, स्थिती विचारत राहा, १ आला की इनपुट द्या, इनपुट खरंच बदललं का ते पुन्हा विचारा, आणि बटणाचा दिवा फक्त प्रोजेक्टरच्या उत्तरावरून लावा. ठरावीक वेळात १ आलाच नाही तर पॅनेलवर माणसाला कळेल असं वाक्य दाखवा.

याच प्रोजेक्टरच्या आणखी दोन खोड्या. पीजेलिंकवर ३० सेकंद काही बोललं नाही की प्रोजेक्टर कनेक्शन तोडतो. ज्याच्या कोडमध्ये पुन्हा जोडणी करण्याची सोय नाही त्याची खोली सकाळी चालते आणि दुपारी मुकी होते. आणि कोणी रिमोटने प्रोजेक्टर बंद केला तर? पॅनेलला ते कळलं पाहिजे. टीव्ही इन्फ्रारेडने चालवत असाल तर तिकडून उत्तर येण्याचा प्रश्नच नाही. तिथे चालू आणि बंद असे वेगळे कोड वापरा किंवा करंट सेन्सर लावा. एकाच कोडने चालू-बंद करणारा टॉगल ठेवून ‘सिस्टिम कधीकधी उलटी चालते’ असं सांगू नका.

हे सगळं कंपनीच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत असं नाही. फीडबॅक, म्हणजे उपकरणाकडून येणारं उत्तर, हा शब्द पहिल्याच दिवशी कानावर पडतो. पण परीक्षेतली उपकरणं बहुतेक वेळा शहाण्यासारखी वागतात. म्हणून सर्टिफिकेशनची पहिली अट माझ्या मते ही असावी की परीक्षेची खोली मुद्दाम बिघडवलेली हवी. परीक्षकाने मधेच नेटवर्कची वायर काढावी, प्रोजेक्टर ‘आत्ता नको’ म्हणेल असं करावं, अर्धवट उत्तर पाठवावं, प्रोसेसर रीबूट करावा. रीबूटनंतर प्रोग्रॅम खोलीची खरी स्थिती विचारून घेतो की सगळं बंद आहे असं गृहीत धरतो, यावर निम्मे गुण ठेवले तरी चालतील.

भाषा कोणती, हे परीक्षेने विचारू नये. आजकाल ‘सी-शार्प ही भाषा येत नाही तो प्रोग्रॅमरच नाही’ म्हणणारा एक वर्ग आहे. सिंपलमध्ये नीट बांधलेला प्रोग्रॅम आणि सी-शार्पमध्ये लिहिलेला गोंधळ, दोन्ही मी पाहिले आहेत. उमेदवाराने हवं ते हत्यार आणावं. वागणूक तपासा.

दुसरी अट: दुसऱ्याचा कोड वाचून त्यात एक बदल करून दाखवणे. कोऱ्या पानावर सुरुवात करायला मिळण्याचं भाग्य प्रत्यक्षात फार कमी वेळा लाभतं. आणि तिसरी अट हँडओव्हरची, म्हणजे काम झाल्यावर ते ग्राहकाकडे सोपवण्याची, जिच्याबद्दल माझी तक्रार सर्वांत जुनी आहे. पुण्यातल्या एका सभागृहाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा फक्त एक डिस्प्ले बदलायचा होता. प्रोसेसरवर कंपाइल केलेली फाइल होती, सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ प्रोग्रॅम, कोणाकडेच नव्हता. क्रेस्ट्रॉनची एलपीझेड किंवा नेटलिंक्सची टीकेएन फाइल हातात असून उपयोग नसतो, त्यातून मूळ प्रोग्रॅम परत काढता येत नाही. आधीच्या इंटिग्रेटरने फोन उचलला नाही. एका डिस्प्लेसाठी अख्खा प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागला आणि त्याचे पैसे ग्राहकाने मोजले. हे अज्ञानातून होतं असं कोणी म्हणू नये. सोर्स अडकवून ठेवला की ग्राहकही अडकतो, हे ठाऊक असणारे बरेच आहेत. सर्टिफिकेशनच्या आचारसंहितेत हे स्पष्ट असावं: करारात वेगळं ठरलं नसेल तर सोर्स, टच पॅनेलची फाइल, आयपी पत्त्यांचा तक्ता आणि पासवर्ड ग्राहकाला द्यायचे. न देणाऱ्याचं सर्टिफिकेशन काढून घ्यावं. कंपनी हे कधी करणार नाही, कारण माल विकणारा इंटिग्रेटर हाच तिचा गिऱ्हाईक आहे. स्वतंत्र संस्थेची गरज इथेच आहे.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: फॅक्टरीचा पासवर्ड तसाच ठेवलेला प्रोसेसर परीक्षेत दिसला की नापास. चर्चा नको.

अनुभवाची अटही हवी, पण नुसत्या वर्षांची नको. सीटीएस-डी आणि आयला २ वर्षांचा अनुभव लागतो, ते तिथे ठीक आहे. प्रोग्रॅमरचा एकच प्रोग्रॅम दोन वर्षं कॉपी-पेस्ट होत असेल तर तो अनुभव मोजायचा कसा? त्यापेक्षा ग्राहकाच्या परवानगीने एका चालू खोलीचा कोड सादर करावा आणि परीक्षकाने समोर बसवून विचारावं, हा टायमर इथे का, हा दिवा कशावरून लागतो. नूतनीकरणही उत्पादनांच्या वेबिनारला हजेरी लावून मिळू नये.

असं सर्टिफिकेशन हाती येईपर्यंत टेंडर लिहिणाऱ्यांनी ती एक ओळ काढून दोन लिहाव्यात. पहिली: वापरल्या जाणाऱ्या प्रोसेसरच्या कंपनीचं चालू मुदतीचं प्रोग्रॅमिंग सर्टिफिकेट. दुसरी: स्वीकृतीच्या दिवशी ग्राहकाच्या माणसाने कोणत्याही एका उपकरणाची नेटवर्क वायर काढायची, पुन्हा लावायची, आणि सिस्टिम कोणी हात न लावता सावरली पाहिजे, सोर्स कोड त्याच दिवशी ग्राहकाच्या हातात. शेवटचा हप्ता त्यानंतर.