वेताळ म्हणजे कुणाचं भूत नव्हे

मुंजा, हडळ, गिऱ्हा, वेताळ अशी एका दमात यादी करायची आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहून मोकळं व्हायचं, असे लेख दर अमावास्येला फिरत येतात. पहिल्या तिघांना एका रांगेत बसवा, हरकत नाही. चौथा त्या रांगेतला नाही, आणि हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं याचा मला खरोखर वैताग येतो.

भुतांबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना ठाऊक आहेत. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. बुडून मेलेला गिऱ्हा होऊन पाण्यातच राहतो. भुताचा प्रकार कळला की माणूस कसा मेला तेही कळतं. त्याचं सगळं बळ जिवंतपणी अपुऱ्या राहिलेल्या वासनेचं. त्या जोरावर ते जिवंत माणसाला झपाटतं. त्याच्यावरचे उपायही तिथूनच निघतात: काय हवं ते विचारा आणि द्या, नाहीतर त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायणबळी करा.

आता वेताळाला विचारून बघा, ‘जिवंतपणी तू कोण होतास?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण तो कधी मेलेलाच नाही. तो स्मशानात पडलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी प्रेतात शिरतो. भूत म्हणजे घर पडलं तरी जागा न सोडणारा मालक. वेताळ म्हणजे रिकाम्या घरात येऊन बसलेला परका.

हे माझ्या मनचं नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन. क्षान्तिशील नावाच्या भिक्षूला दिलेल्या शब्दाखातर तो रात्री स्मशानात जातो, शिंशपेच्या झाडावर चढतो आणि लटकणाऱ्या प्रेताचा दोर कापतो. प्रेत खाली आदळतं आणि दुखल्यासारखं ओरडतं. राजाला वाटतं, माणूस जिवंत आहे. तो उतरून कळवळ्याने त्याचं अंग चोळू लागतो. तेवढ्यात प्रेत खदाखदा हसतं आणि राजाला उमगतं की याच्यात वेताळ शिरला आहे. देह एकाचा, हसणारा दुसरा.

शेवट तर आणखी स्पष्ट आहे, पण तिथवर कुणी वाचतच नाही. राजाच्या धैर्यावर खूश होऊन वेताळ त्याला सावध करतो: भिक्षू तुझा बळी देण्यासाठी तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, ‘आधी तुम्ही करून दाखवा.’ एवढं सांगून तो प्रेतातून निघून जातो. राजा ते प्रेत उचलून भिक्षूकडे नेतो. भिक्षू प्रेताला न्हाऊ घालतो, मंडलात ठेवतो आणि मंत्राने वेताळाला पुन्हा त्यात बोलावतो. वेताळ मेलेल्या माणसाचाच आत्मा असता, तर या जाण्यायेण्याला काय अर्थ उरला असता?

गोंधळ कुठून आला असावा, तेही सांगतो. पुढच्या हिंदी बैताल पचीसीत राजा, तेली आणि योगी हे तिघे एकाच मुहूर्तावर जन्मलेले आहेत, आणि योग्याने तेल्याला मारून झाडाला टांगलेलं आहे. इथे प्रेताला ओळख मिळाली, आणि ऐकणाऱ्यांनी बैताल म्हणजे त्या तेल्याचंच भूत असं धरून घेतलं. मला सोमदेवाचीच मांडणी पटते. त्याला प्रेत कुणाचं याची फिकीरच नाही.

ताकदीतला फरकही इथूनच येतो. भुताला आपलं झाड, आपली विहीर आणि आपलं दुःख यापलीकडचं काही दिसत नाही. वेताळाची कुणात वासना गुंतलेली नाही. त्याला भिक्षूच्या मनातला डाव आधीच ठाऊक असतो. भूत जिवंताला धरतं, वेताळ मेलेल्याला. म्हणून वेताळाचं श्राद्ध घालता येत नाही. पावलं उलटी की सुलटी, सावली पडते की नाही, केस पांढरे की काळे, या वादात मला काडीचाही रस नाही.

कोकणात आणि गोव्यात तर त्याला उसन्या देहाचीही गरज नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबा पुरुषभर उंचीहून मोठा, सरळ उभा आहे. लोक त्याला केळीचे घड आणि भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री तो गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. देशावर गावाबाहेर शेंदूर फासलेला धोंडा वेताळाचा आणि भोवतीचे लहान धोंडे त्याच्या सैन्याचे मानतात. भुतं त्याची प्रजा. राजाला प्रजेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर टाकणं हे नुसतं चुकीचं नाही, आरवलीला गाऱ्हाणं घालणाऱ्यांचा तो अपमान आहे.

मुलांच्या पुस्तकात वेताळाचं चित्र काढणाऱ्यांना एकच विनंती. राजाच्या पाठुंगळीला ऐटीत बसलेला, डोळे वटारणारा म्हातारा काढू नका. मान लुळी पडलेलं, हात लोंबकळणारं प्रेत खांद्यावर टाका, आणि गोष्ट त्याच्याच तोंडून येऊ द्या.