सही केली म्हणजे २ वर्षं हात बांधले? अजिबात नाही

कोथरूडच्या एका डिझायनर मैत्रिणीने परवा कॉन्ट्रॅक्ट दाखवलं, त्यात होतं की काम संपल्यावर २ वर्षं क्लायंटच्या स्पर्धकाचं काम घ्यायचं नाही, आणि ती म्हणे सही केलीये ना, आता पाळावंच लागणार. अगं नाही! भारतीय करार कायदा १८७२, कलम २७, धंदा करण्यापासून अडवणारी अट तेवढ्यापुरती रद्दबातल, सही असली तरी. काम चालू असतानाची अट वेगळी, ती पाळावी लागू शकते, आणि क्लायंटची गुपितं नंतरही सांभाळायचीच. ‘पेमेंट ९० दिवसांनी’ दिसलं तर तिथेही थांबा, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) काम घ्यायच्या आधीच केलेली असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार मुदत ४५ दिवसांच्या वर चालत नाही, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज मागता येतं.