मालवण–देवबाग सागरी सहल

कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतील लोक घाट उतरून एका दिवसात उरकतात ती मालवण किनाऱ्यावरची होडीची सहल. सिंधुदुर्ग किल्ल्याचे कुरटे बेट, कर्ली नदीच्या मुखाशी असलेले ‘त्सुनामी बेट’, भोगवे व निवतीच्या बाजूला होणारे डॉल्फिनदर्शन आणि खडपांजवळचे (समुद्रातील खडकांजवळचे) स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे पाहणे, हे तिचे चार घटक. ते सर्व एकाच दिवसात होतातच असे नाही. पहाटे निघून रात्री उशिरा परतणारे बहुधा किल्ला किंवा देवबाग यांपैकी एकच पुरते पाहतात. तालीम मंडळे, भिशीचे गट, महाविद्यालयीन मुले आणि दिवाळीच्या सुट्टीतली कुटुंबे हा मुख्य प्रवासी वर्ग. कोल्हापूरला कोकण रेल्वेशी जोडणारा लोहमार्ग नसल्याने ही सहल आजही पूर्णपणे रस्त्यावर अवलंबून आहे.

मार्ग : गगनबावडा–करूळ घाट–वैभववाडी–तळेरे–कणकवली–कसाल हा रूढ मार्ग, राधानगरी–दाजीपूर–फोंडाघाट हा दुसरा. गडहिंग्लज–आजरा भागातील लोक आंबोली घाट पसंत करतात. अंतर मार्गानुसार सुमारे १५० ते १७० किमी. करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी २०२४ मध्ये दीर्घकाळ बंद होता, तेव्हा वाहतूक भुईबावडा व फोंडा घाटांकडे वळली. फोंड्याच्या मार्गावर दाजीपूरचे गव्याचे जंगल लागते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील या राखीव शिकारक्षेत्राला १९५८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्यामुळे काही गट समुद्र आणि जंगल एकाच फेरीत बसवू पाहतात. एका दिवसात ते जमत नाही.

ऐतिहासिक संबंध : कोल्हापूर आणि मालवण यांचे नाते पर्यटनाच्या फार आधीचे आहे. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मालवणच्या किनाऱ्यावरील ‘मोरयाचा धोंडा’ त्या मुहूर्ताशी जोडला जातो. बांधकाम १६६७ च्या सुमारास पुरे झाले असावे. सातारा व कोल्हापूर या गाद्यांमधील १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने साळशीच्या दक्षिणेकडील कोकण करवीरकरांच्या (कोल्हापूरच्या छत्रपतींच्या) वाट्याला आले आणि मालवण हे कोल्हापूर राज्याचे बंदर व आरमारी ठाणे म्हणून ओळखले जाऊ लागले. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले, परंतु पुढच्याच वर्षी दंड व हमी घेऊन तो करवीरकरांना परत केला. १ ऑक्टोबर १८१२ च्या करवीरच्या तहान्वये मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट ही ठाणी कोल्हापूरने कायमची इंग्रजांना दिली.

या काळातील मालवणच्या आरमाराला इंग्रजी कागदपत्रे सरसकट ‘चाचे’ ठरवतात, आणि जुनी गॅझेटिअरे तोच शब्द पुढे चालवतात. मराठी अभ्यासकांचा एक पक्ष ही चाचेगिरी नव्हे, तर दस्तक (सागरी परवाना) न घेणाऱ्या जहाजांवरची कारवाई होती, असे मांडतो. पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय जाणारी जहाजे पकडत, त्याला कोणी चाचेगिरी म्हणत नाही, हा त्यांचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. मात्र १८ व्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रत्येक पकड दस्तकाच्या चौकटीत बसवणेही अवघड दिसते.

किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिराचा काळ १६९५ असा सांगितला जातो आणि ते छत्रपती राजाराम महाराजांनी उभारले, असे मानले जाते. सभामंडप मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे जातो, असे परंपरा सांगते. कोल्हापूरकर प्रवासी किल्ल्यात पाऊल टाकताच पहिल्यांदा या मंदिराकडे वळतात. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि चुन्यात उमटलेले हातापायाचे ठसे त्यानंतर. धक्क्यावरून किल्ल्यापर्यंतचा होडीचा प्रवास जेमतेम १०–१५ मिनिटांचा असतो आणि उतरलेल्यांना साधारण तासाभरात परतीची होडी धरावी लागते.

सहलीचे आजचे रूप केव्हा घडले : किल्ला पाहण्यासाठी होडीने जाणे जुनेच. डॉल्फिन, वाळूचे बेट व स्नॉर्कलिंग एकत्र बांधून विकण्याची पद्धत मात्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाआधीची मानता येत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झाला, १९९७ मध्ये तो देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि त्यानंतर तारकर्ली–देवबाग पट्ट्यात घरगुती निवास वाढले. २०१० च्या दशकात राज्याच्या पर्यटन महामंडळाने तारकर्लीत स्कुबा डायव्हिंगच्या प्रशिक्षणाची सोय उभी केली. त्याच दशकात संयुक्त राष्ट्रांच्या सागरी जैवविविधता प्रकल्पातून स्थानिक तरुणांना स्नॉर्कलिंगचे वाटाडे म्हणून तयार करण्यात आले. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या घरांतली पुढची पिढी या धंद्यात उतरली, ती प्रामुख्याने याच काळात.

त्सुनामी बेटाची उत्पत्ती : देवबाग ही कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली वाळूची जिभळी. तिच्या टोकाशी, नदीमुखाच्या आतल्या अंगाला, ओहोटीच्या वेळी वाळूचा एक उंचवटा उघडा पडतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तो वर आला, अशी स्थानिक समजूत आहे. होडीवाले ती सांगतात, कोल्हापूरचे प्रवासी घरी जाऊन तीच सांगतात, आणि जाहिरातींनी तिला इतिहासाचा दर्जा दिला आहे.

या मताच्या बाजूने एवढेच म्हणता येते की, सुमात्राजवळ उठलेल्या लाटा श्रीलंका व दक्षिण भारताला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावरही आल्या होत्या. केरळात त्यांनी प्राणहानी केली आणि गोव्यातील मुरगाव बंदराच्या भरतीमापकावरही त्यांची नोंद झाली. परंतु मुरगावच्या उत्तरेला येईपर्यंत त्यांचा जोर पुष्कळच ओसरला होता. किनाऱ्यावरच्या घरांना धक्का न लावणाऱ्या लाटेने नदीमुखात बेट उभे करावे, हे सहज पटत नाही.

दुसरे मत गाळसंचयाचे. पावसाळ्यात कर्ली सह्याद्रीतून गाळ आणते. किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह वाळू जिभळीच्या टोकाकडे ढकलतो. भरतीचे पाणी ती वाळू मुखातून आत लोटते आणि प्रवाह मंदावतो तेथे ती बसते. खाडीमुखांच्या आत असे भरतीजन्य त्रिभुज संचय होणे ही कोकण, गोवा व कारवारच्या किनाऱ्यावर नेहमीची गोष्ट आहे. शिवाय हे बेट दर पावसाळ्यानंतर आकार व जागा थोडीफार बदलते. एकाच घटनेने टाकलेली वाळू इतक्या पावसाळ्यांच्या पुरात टिकली नसती; तिला सतत नवा पुरवठा होत असला पाहिजे. दोन्ही मतांचा मेळ घालणारे काही जण म्हणतात की, उथळ भाग आधीपासूनच होता, त्सुनामीच्या सुमारास तो अधिक उघडा पडला आणि नाव तेव्हापासून चिकटले. नावापुरते हे संभवनीय आहे. वाळूच्या उगमासाठी गाळसंचयाचे मतच अधिक ग्राह्य दिसते.

भरती-ओहोटीचे गणित : बेटावर उभे राहता येणे, होडी टेकणे आणि पाण्याखाली काही दिसणे हे तिन्ही भरतीवर ठरते, आणि घाटावरचे प्रवासी नेमके याकडेच दुर्लक्ष करतात. किनाऱ्यावर जुना ठोकताळा असा : पक्षातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा हिशेब मुंबईला अधिक जुळतो. दक्षिणेकडे भरती काहीशी आधी येते. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी.

यातून कोल्हापूरकरांची एक अडचण निघते. उधाणाची, म्हणजे सर्वांत खोल ओहोटी पौर्णिमा-अमावास्येला असते, पण ती पहाटे व सायंकाळी पाचच्या सुमारास. पहिल्या वेळी गाडी अजून घाटात असते, दुसऱ्या वेळी परतीची घाई. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते खरी, पण ती भांगाची. पाणी फारसे उतरत नाही आणि बेटाचा जेमतेम माथा दिसतो. तृतीया ते पंचमी हे दिवस त्यातल्या त्यात सोयीचे : ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान आणि बऱ्यापैकी खोल. त्यासाठीही कोल्हापूर पहाटे चारच्या आत सोडावे लागते. रविवार पाहून तारीख ठरवणाऱ्यांनी दिनदर्शिकेच्या त्याच चौकोनातली तिथीही वाचावी.

डॉल्फिनदर्शन : येथे दिसणारा डॉल्फिन मुख्यतः हिंदी महासागरी हंपबॅक जातीचा. करड्या रंगाचा, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटा पर असलेला हा प्राणी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, बहुधा लहान गटांत वावरतो आणि खाडीमुखांजवळ मासे धरतो. जुन्या यादींत त्याचे शास्त्रीय नाव सूसा चायनेन्सिस असे आढळते. २०१४ च्या पुनर्वर्गीकरणात या प्रजातीसमूहाचे चार भाग करण्यात आले आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्राणी सूसा प्लम्बिया या नावाखाली आले. बंगालच्या उपसागरातील काही गटांबद्दल मतभेद शिल्लक आहेत; मालवणपुरता प्रश्न मिटल्यासारखा आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ गटात आहे आणि भारतीय वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे. पाठीवर पर नसलेला, लाजाळू फिनलेस पॉर्पॉइझही या पाण्यात आहे, पण तो होडीपासून दूर राहतो. पर्यटकांनी पाहिलेला ‘छोटा डॉल्फिन’ क्वचित तो असू शकतो.

दर्शन सकाळी व शांत पाण्यात चांगले होते. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटांच्या पांढऱ्या शेंड्यांत पर ओळखू येत नाही. अनुभवी तांडेल (होडीचा प्रमुख) कळपाच्या पुढे होडी घालत नाही; बाजूला ठेवून इंजिन मंद करतो किंवा बंद करतो, मग श्वास घेतल्याचा ‘फूस’ असा आवाज आधी ऐकू येतो आणि पाठ नंतर दिसते. सुट्टीच्या दिवशी मात्र पाच-सहा होड्या एकाच कळपाला घेरतात आणि कळप लांब डुबी मारून निघून जातो. निवतीच्या खडकांवर व किनाऱ्यावरच्या माडांवर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसू शकतो. समुद्रात आणखी आत असलेल्या वेंगुर्ला रॉक्सच्या गुहांत पाकोळी पक्ष्यांची वसाहत आहे. नेहमीच्या एकदिवसीय फेरीत तेथे नेत नाहीत.

स्नॉर्कलिंग व प्रवाळ : मालवण सागरी अभयारण्याची घोषणा १३ एप्रिल १९८७ रोजी झाली. त्याचे क्षेत्र सुमारे २९.१२ चौ. किमी, पैकी गाभा ३.१८ चौ. किमी. सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड त्यातच येतात. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला. स्नॉर्कलिंगची रूढ जागा या परिसरातील खडपांभोवती आहे.

येथील प्रवाळांना ‘प्रवाळभित्ती’ म्हणावे का, याविषयी एकमत नाही. पर्यटनविषयक लिखाण बिनदिक्कत तसे म्हणते. सागरशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाअखेरीस या किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली, ती खडकांवर तुकड्यातुकड्यांनी वाढलेल्या वसाहतींची. पोरायटीस, टर्बिनेरिया, फॅव्हायटीस यांसारख्या गढूळ पाणी व गाळ सोसणाऱ्या वंशांचे येथे प्राबल्य आहे. चुन्याचा जाड थर रचून स्वतःची भित्ती उभारणाऱ्या लक्षद्वीपसारख्या रचनेशी याची तुलना होत नाही. ‘प्रवाळ समुदाय’ हा शब्द अधिक काटेकोर ठरेल. २०१४ च्या सुमारास या प्रवाळांचे विरंजनही (रंग उडून पांढरे पडणे) नोंदले गेले. वाढलेले जलतापमान हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. किनाऱ्यापासून सुमारे १०० किमी आत असलेली आंग्रिया बँक ही खरी बुडालेली प्रवाळभूमी आहे. जाहिरातीतली काही चित्रे तिची किंवा थेट अंदमानची वाटतात. देवबागच्या होडीतून ती दिसण्याचा संभव नाही.

प्रत्यक्षात पर्यटकाला जीवरक्षक जाकीट, मुखवटा व नळी देऊन होडीच्या कडेला पाण्यात उतरवतात. वाटाड्या खांद्याला धरून त्याला खडपावरून फिरवतो. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत पोहायला शिकलेल्यांनाही नाकाऐवजी तोंडाने श्वास घेणे पहिली काही मिनिटे जमत नाही, आणि मिशीमुळे मुखवट्यात पाणी शिरते. काळे पट्टे असलेले सार्जंट मासे सर्वाधिक दिसतात. फुलपाखरू मासे, पोपट मासे व समुद्रफुलेही आढळतात. हिवाळ्यात खडपांवर सरगॅसम शैवाल दाट वाढते. मासे जमावेत म्हणून पाव किंवा बिस्किटाचा चुरा टाकण्याची पद्धत आहे; तिने थोड्याच जातींची गर्दी होते आणि जागेचे स्वाभाविक चित्र बिघडते. पावसाळ्यानंतर पाणी निवळायला वेळ लागतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. नळी लावून वर तरंगणे आणि टाकी लावून खाली जाणे या दोन्हींना कोल्हापुरात सर्रास ‘स्कुबा’ म्हटले जाते.

हंगाम व सुरक्षा : पावसाळ्यात, साधारण मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, प्रवासी होड्या बंद असतात. श्रावणात मासे वर्ज्य करणाऱ्यांची त्यामुळे फारशी पंचाईत होत नाही. होड्यांना परवाना देण्याचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. होडीत बसण्यापूर्वी जाकीट घालणे बंधनकारक आहे. ते फोटोपुरते घालून खाडीत शिरताच काढण्याची सवय घाटावरच्या गटांत विशेष आढळते. मुखाजवळ ओहोटीचा प्रवाह समुद्राकडे जोराने ओढतो, म्हणून बेटावरून पोहत देवबागकडे येण्याचा प्रयत्न धोक्याचा समजला जातो.